डोळ्यांची आखणी

परसूच्या हातचा न्यूटन ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याच्या चेहऱ्यावरचा प्रसन्नपणा विसरता येत नाही. उत्तर बेंगळुरूच्या कितीतरी शाळांत पायऱ्या चढल्याबरोबर त्याचा पुतळा समोर येतो. खांद्यावर रुळणारे कुरळे केस, गळ्याशी झालर, आणि डोळ्यांत अशी माया की डोक्यावर पडलेलं सफरचंद ह्या गृहस्थानं प्रसाद म्हणूनच ओंजळीत घेतलं असावं. एडिसनचंही तेच. आइन्स्टाइनचंही तेच, फक्त केस विस्कटलेले. आणि पगडीतले सी. व्ही. रामन तर असे बघतात, की एका शाळेत परीक्षेला जाण्याआधी त्यांच्या पाया पडायची पद्धतच पडून गेली आहे.

ह्यात परसूचा दोष म्हणाल तर एवढाच, की तो जन्माचा गणपतीवाला. चिक्कोडीकडच्या त्याच्या गावात आजा, बाप, चुलते सगळ्यांनी गणपती केले आणि गौरीचे मुखवटे केले. परसू मिसरूड फुटायच्या वयात बेंगळुरूला आला, हेब्बाळच्या तळ्यामागं पत्र्याची शेड घातली आणि इथंही तेच करू लागला. पण गणपती वर्षातून एकदा येतो. बाकीचे महिने हातांना माती लागली नाही की परसूला जेवण गोड लागायचं नाही. असाच एकदा एक हेडमास्तर शेडमध्ये आला आणि विश्वेश्वरय्यांचा अर्धपुतळा कराल का, म्हणून विचारू लागला. परसूनं म्हैसुरी पेटा बांधलेले विश्वेश्वरय्या केले, हेडमास्तर खूश झाला, एका शाळेचं बघून दुसरीनं मागवला, आणि बघता बघता शेडमध्ये देवांइतकीच शास्त्रज्ञांची वर्दळ झाली. सप्टेंबरात विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा इंजिनियर दिवस आणि गणेशचतुर्थी मागंपुढं येतात. तेव्हा एका फळीवर गणपती, दुसऱ्या फळीवर विश्वेश्वरय्या वाळत बसतात आणि मधून अंग चोरत परसूची बायको तानूबाई चहा घेऊन येते.

शास्त्र परसूला किती कळत होतं, हे न विचारलेलं बरं. एडिसन दिवेवाला, न्यूटन सफरचंदवाला, बोस म्हणजे झाडांना जीव असतो ते यंत्र लावून दाखवणारे. विश्वेश्वरय्यांवर त्याचा विशेष जीव. पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी केले आणि ते पहिल्यांदा पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले, हे त्याला त्या हेडमास्तरानं सांगितलं होतं. म्हैसूरकडच्या माणसानं मराठी मुलखात जाऊन नाव काढलं आणि मी इकडं येऊन त्यांचं नाक काढलं, फिट्टंफाट झाली, असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. नव्या माणसाची ऑर्डर आली की तो एकच विचारायचा, ह्यांनी केलं काय? उत्तर ऐकून मान डोलवायचा आणि माती मळायला घ्यायचा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र त्याचं सोवळं कडक होतं. गणपतीचे डोळे काढायच्या कामाला त्यांच्यात आखणी म्हणतात. आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती घरातल्या कर्त्या पुरुषानंच करायची. पहाटे आंघोळ, उदबत्ती, पडदा ओढलेला, पोटात अन्नपाणी नाही, आणि पाठीमागं कुणी उभं राहायचं नाही. बापानं असं सांगितलं होतं आणि परसूनं का म्हणून विचारलं नव्हतं. गंमत अशी, की पुतळ्यांकडे वळल्यावरही त्यानं ह्यातलं काही सोडलं नाही. पुतळ्याचे डोळे रंगवत नाहीत, मातीत कोरतात. बुबुळाच्या जागी खोलगट खड्डा घेतात, त्यात सावली पडते आणि लांबून वाटतं की माणूस आपल्याकडं बघतोय. खड्ड्यात वरच्या अंगाला मातीचा एक कण तसाच ठेवला की डोळ्यात उजेड आल्यासारखा दिसतो. परसू ह्याला सुद्धा आखणीच म्हणायचा. एडिसन असो नाहीतर आइन्स्टाइन, त्यांच्या डोळ्यांसाठी तो उपाशी बसायचा. बापाच्या कोरण्यांची एक लाकडी पेटी होती, ती तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. ते एडिसन काय मोदक मागणार हायत व्हय, असं तानूबाई पडद्याबाहेरून विचारायची. परसू उत्तर द्यायचा नाही. आखणीला बसल्यावर बोलायचंही नसतं.

बाकी सगळं काम त्याची मुलगी रंजिता करायची. लोखंडी सळीवर मातीचा गोळा चढवण्यापासून साचा काढणं, फायबर ओतणं, घासणं, ब्रॉन्झसारखा रंग देणं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. विश्वेश्वरय्यांचा पेटा तर आता तीच करते, आणि तो परसूपेक्षा चांगला होतो हे परसू एकट्यात असताना कबूलही करतो. दर गणपतीला ती आखणीबद्दल विचारायची आणि दर गणपतीला परसू म्हणायचा, पुढच्या वर्षी. डोळे त्यानं मुलासाठी, अभिजीतसाठी राखून ठेवले होते. अभिजीत मारतहळ्ळीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो आणि त्याला मातीच्या धुळीनं शिंका येतात. सणासुदीला आला की नाकाला रुमाल लावून शेडच्या दारातच उभा राहतो आणि बरं चाललंय ना अप्पा, असं विचारून घरात जातो. तरी परसूची आशा सुटत नव्हती. बापाची आशा ही अशीच असते, तिला शिंका ऐकू येत नाहीत.

ह्या वर्षी गोष्ट जरा वेगळी होती. कोरमंगल्यात हॉटेलांसाठी आणि मॉलसाठी पुतळे करणारी एक कंपनी होती. त्यांनी रंजिताचं काम पाहून तिला बोलावणं धाडलं होतं. तिथं बायका सगळं करत होत्या, डोळेसुद्धा. रंजितानं आईला स्पष्ट सांगितलं, मी अप्पांना एकदाच विचारणार, पुढच्या वर्षी म्हणाले की मी चालले. तानूबाईनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. परसूला रात्रभर झोप आली नाही, पण सकाळी उठून तो नेहमीसारखा माती मळायला बसला. शेड रंजिताशिवाय चालणार नाही हे त्याला कळत होतं, आणि रंजिताशिवाय आपल्यालाच करमणार नाही हे त्याहून जास्त कळत होतं.

अशात केतकी आली. केतकी मूळची पुण्याची, कोरमंगल्याच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. एवढ्या ट्रॅफिकमधून स्कूटीवर हेब्बाळला येऊन तिनं हेल्मेट काढलं आणि शेडमधल्या सगळ्या शास्त्रज्ञांना एकदा बघून घेतलं. त्यांच्या शाळेत परसूचे रामन आधीच होते. आता विज्ञान दिनाला, म्हणजे रामननी आपला शोध जगाला सांगितला त्या अठ्ठावीस फेब्रुवारीला, त्यांच्यासमोर आणखी एक पुतळा बसवायचा होता.

"कमला सोहोनी," केतकी म्हणाली.

परसूनं नाव ऐकलं नव्हतं. बाईमाणसाचा पुतळा म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं, मनात गौर उभी राहिली. त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, ह्यांनी केलं काय? केतकीनं स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. रंजिता मागं साचा घासत होती. तिचा हात हळूहळू थांबला.

कमला तेव्हा भागवत आडनावाच्या होत्या. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या. वडील आणि काका जिथं शिकले त्या बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आपणही संशोधन करायचं म्हणून त्यांनी अर्ज केला. तिथं संचालक होते रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी म्हणून नव्हे, मुलगी म्हणून. मुलगी गप्प बसली नाही. बेंगळुरूला येऊन समोर उभी राहिली आणि कारण विचारू लागली. कारण काही देता येईना आणि ती हटेना, तेव्हा तोडगा निघाला, की एक वर्ष बघू, काम पटलं तर पुढचं ठरवू. कमलाबाईंनी ते वर्ष काढलं. दुधातली, डाळींतली प्रथिनं शोधली. मग इंग्लंडला गेल्या आणि बटाट्यावर काम करता करता त्यांना असा एक पदार्थ सापडला, जो वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत असतो. परत आल्यावर नीरेवर काम केलं, कुपोषित पोरांना ती किती उपयोगी पडते ते दाखवलं. आणि त्या वर्षानंतर रामननी संस्थेचं दार मुलींना उघडलं.

परसूला ही गोष्ट सगळी आवडली नाही. रामनसाहेबांचे किती पुतळे त्यानं केले होते, पगडीची प्रत्येक घडी त्याला पाठ होती.

"मोठा माणूस हाय मॅडम," तो म्हणाला. "त्यांचं काय तरी कारण असंल की."

"काका, ॲक्च्युअली तेच तर तिनं विचारलं होतं," केतकी म्हणाली. तिनं फोनवर एक जुना धूसर फोटो पाठवला आणि पुढच्या आठवड्यात बघायला येते म्हणून गेली.

परसूनं माती चढवली. फोटो समोरून काढलेला होता, बाजूनं नाक कसं, मागं केस कसे, ते त्यात नव्हतं. पण त्याची त्याला फिकीर नव्हती. कुणाचं नाक कुणाला लावायची त्याला सवय होती. त्याच्या एडिसनला गल्लीतल्या दूधवाल्याचं नाक आहे आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. कपाळ झालं, हनुवटी झाली, पदर रंजितानं केला. मग परसूनं आंघोळ केली, उदबत्ती लावली, पडदा ओढला आणि आखणीला बसला. पडदा उघडला तेव्हा स्वतःवर खूश होऊन तो बाजूला झाला.

केतकी आली आणि बराच वेळ बघत राहिली. ती भल्या स्वभावाची, लागेल असं बोलणं तिला जड जात होतं.

"फारच सुंदर आहे काका. पण हिला बघून नमस्कार करावासा वाटतो. मला वाद घालणारी हवी आहे."

परसूनं पुतळ्याकडं पाहिलं आणि त्याला कानकोंडं झालं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर खाली, ओठांच्या कडेला माहेरपणाचं हसू. हळदकुंकू लावून पाटावर बसवायचंच काय ते बाकी होतं. त्यानं गौर केली होती. वाद घालणं राहू दे, ही बाई दाराशी आली असती तर आत बोलवल्याशिवाय तिनं उंबऱ्याला पाय सुद्धा लावला नसता.

त्यानं पुतळ्याचे डोळे पुसले आणि पुन्हा केले. पुन्हा गौर आली. पापण्या वर उचलून पाहिल्या, तर महिषासुराला मारायला निघाल्यासारखी दिसू लागली. ते तर त्याहून वाईट. एक शिकलेली मुलगी कारण विचारतेय, रागावलेली नाही, घाबरलेली नाही, फक्त हलत नाही, असे डोळे त्याच्या हाताला माहीतच नव्हते. त्याच्या हाताला दोनच बायका ठाऊक होत्या, एक गौर आणि एक देवी, आणि ह्या वयात तिसरी कुठून आणायची ते त्याला सुचेना. केतकीच्या शाळेची तारीख जवळ येत होती. साचा आणि फायबर व्हायला दिवस लागतात. शेवटी त्यानं दोन्ही डोळे पार खरवडून काढले, चेहऱ्यावर ओलं फडकं टाकलं आणि अंगणात येऊन बसला. तानूबाईनं त्याच्यासमोर ताट ठेवलं.

"रंजिताला सांगा की," ती म्हणाली.

जेवताना त्याच्या मनात तेच घोळत होतं. दुपारी उठून तो शेडमध्ये गेला. रंजिता हौदाशी साचे धूत होती. परसूनं खाकरून घसा साफ केला. आपण फार मोठं काहीतरी देतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्या मानानं ते मोठं होतंही.

"रंजिता, ह्या बाईंचे डोळे तू कर. ह्या एका पुतळ्याचे. जमले, मॅडमना पटले, तर गणपतीचं मग बघू. आणि बाहेर कुणाला सांगू नको."

रंजितानं हात धुतले, ओढणीला पुसले आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, कमलाबाईंना पण असंच सांगितलं होतं की. एक वर्ष बघू, मग ठरवू."

परसू तिच्याकडं बघायला लागला.

"त्यांनी ते घेतलं, कारण त्यांना दुसरी वाट नव्हती," रंजिता म्हणाली. "मला हाय. अटीवर मला नको."

आवाज चढला नव्हता. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती तशीच बघत राहिली, उत्तराची वाट बघतात तशी, आणि उत्तर येत नाही असं दिसल्यावर वळून साच्यांकडे गेली.

परसू तिथंच उभा राहिला. मुलीचं बोलणं मनाला लागायच्या आधी त्याच्यातल्या कारागिरानं एक गोष्ट टिपली होती. हेच ते डोळे. वरची पापणी उचललेली, पण ताणलेली नाही. खालची किंचित घट्ट. नजर सरळ, समोरच्याच्या नजरेला भिडलेली. इतके दिवस जे शोधत होता ते हौदापाशी उभं होतं. त्यानं फडकं काढलं, पेटी उघडली आणि बापाची कोरणी हातात घेतली. आता त्याला जमलं असतं. हात शिवशिवत होते. दूधवाल्याचं नाक घेतलं तसे मुलीचे डोळे घ्यायचे, कुणाला कळणारही नाही.

कोरणी मातीला टेकली आणि तिथंच थांबली. काय तरी कारण असंल की, हे आपणच म्हटलेलं त्याला आठवलं. रामनसाहेबांचं कारण काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. पण आपलं काय होतं? त्यानं मनात शोधून पाहिलं. बापानं सांगितलं होतं, एवढंच हाती लागलं. बापाला त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारायला बाप नव्हता. आणि अभिजीतच्या शिंका होत्या. एवढ्यावर त्यानं पोरीला इतकी वर्षं दारात उभं केलं होतं, आणि वर आता तिचीच नजर घेऊन तिच्याशिवाय काम उरकायला निघाला होता. परसूला स्वतःची लाज वाटली. देव करणारा माणूस म्हणून जन्मभर मान घेतला आणि घरात हे असं, म्हणून वाटली. त्यानं कोरणी पेटीत ठेवली आणि फडकं भिजवून पुन्हा चेहऱ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजिता शेडमध्ये आली तेव्हा उदबत्ती लावलेली होती. पडदा टांगलेला होता. ओल्या फडक्याशेजारी कोरण्यांची पेटी उघडी होती आणि परसू तिच्यापासून जरा लांब, परक्याच्या घरात आल्यासारखा उभा होता.

"ये. डोळे तू करायचे," तो म्हणाला. "अट न्हाई. हे पण, आणि ह्या वर्षीपासून गणपतीचे पण."

रंजितानं पेटीकडं पाहिलं. मग विचारलं, आंघोळ करून येऊ? तुझं तू ठरव, परसू म्हणाला. सवयीनं त्यानं एवढं जोडलं, की आखणीच्या वेळी पाठीमागं कुणी उभं राहायचं नाही. आणि म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथं पाठीमागं उभा राहू शकेल असा आपल्याशिवाय दुसरा कुणी नाही. तो मुकाट्यानं बाहेर गेला आणि पडदा त्यानंच ओढला.

बाहेर बसायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. पालथ्या बादलीवर बसला, उठला, गवताच्या काड्या मोडल्या, तळ्याच्या बाजूला दोन फेऱ्या मारून आला. आतून कोरणीचा आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की त्याचा जीव वर यायचा. तानूबाईनं चहा आणला, तर तो नको म्हणाला.

"डोळे ती करतीया," तानूबाई म्हणाली. "उपास तुम्हाला कशाला?"

"होऊ देत," परसू म्हणाला. "झाल्यावर पितो."

तानूबाईनं कपाळाला हात लावला, पण चहा परत नेऊन झाकून ठेवला. ती स्वतःही मग काही न खाता त्याच्याशेजारी बसून राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पडदा सरकला. रंजिताच्या हातांना कोपरापर्यंत माती होती. परसू आत गेला आणि पुतळ्यासमोर उभा राहिला. कमलाबाई त्याच्याकडं बघत होत्या. फोटोतल्या होत्या आणि फोटोत नसलेल्याही होत्या. रागावलेल्या नव्हत्या, आशीर्वाद देत नव्हत्या. त्यांनी काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर मिळेपर्यंत त्या इथून हलणार नव्हत्या. पुतळ्यापुढं हात जोडायची परसूची सवय, पण ह्यांच्यापुढं हात जोडले तर त्या म्हणतील, ते राहू द्या, आधी मी विचारलं त्याचं सांगा.

"खालची पापणी स्वल्प घट्ट घेतलीस," तो म्हणाला.

"हां."

"बरं केलंस."

एवढंच बोलून तो चहा प्यायला गेला. परसूकडून ह्याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती, अगदी त्याच्या स्वतःच्या रामनलाही नाही. त्याच संध्याकाळी रंजितानं कोरमंगल्याच्या कंपनीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. ते तानूबाईनं परसूला सांगितलं. त्यानं मान डोलवली आणि अंगणात कुणी बघत नाही असं पाहून डोळे पुसले.

अठ्ठावीस तारखेला बापलेक दोघं टेम्पोतून पुतळा आणि, बसवताना काही लागलं तर म्हणून, कोरण्यांची पेटी घेऊन शाळेत गेले. वऱ्हांड्यात एका भिंतीशी रामन होते. समोरच्या भिंतीशी नवा चौथरा तयार होता. पुतळा बसला, मुलं गोळा झाली, हेडबाईंनी कापड ओढलं. पहिल्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या आधी जरा मागं सरकून घेतलं. केतकी पुढं येऊन पुतळ्यासमोर उभी राहिली.

"काका, जमलं तुम्हाला," ती म्हणाली.

"मला न्हाई जमलं," परसू म्हणाला. आजूबाजूला हेडबाई होत्या, मास्तर होते, टेम्पोवालाही होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो पुढं म्हणाला, "डोळे रंजितानं कोरलेत. आता आमच्यात गणपतीची आखणी पण तीच करणार."

रंजिता चौथऱ्यावरची धूळ फडक्यानं पुसत होती. ती पुसतच राहिली, पण एकाच जागी.

गर्दी पांगल्यावर परसू वळला आणि समोरच्या रामनकडं त्याचं लक्ष गेलं. हा पुतळा त्यानं केला तेव्हा शेडमधल्या सगळ्यांनी वाखाणला होता. पगडी बरोबर होती, नाक बरोबर होतं. डोळे मात्र त्याच्या नेहमीच्या गणपतीचे होते, सगळ्यांचं सगळं पोटात घालणारे. कमलाबाईंच्या नजरेसमोर ते फारच सोपे दिसत होते. परसूला ते बघवेना.

"मॅडम, रामनसाहेबांना थोडे दिवस परत न्यायला पाहिजे," तो केतकीला म्हणाला. "डोळे चुकलेत माझे. नुसती माया भरली हाय."

केतकी काही म्हणायच्या आत रंजिता बोलली.

"राहू देत अप्पा. शेवटी दार त्यांनीच उघडलं."

ती पुतळ्याकडं बघत नव्हती, परसूकडं बघत होती, हौदापाशी बघितलं होतं तशीच सरळ. फक्त ह्या वेळी तिला उत्तर नको होतं. निघायची वेळ झाली होती. त्यानं चौथऱ्याजवळ ठेवलेली कोरण्यांची पेटी उचलली, दोन पावलं गेला, थांबला, आणि पेटी तिच्या हातात दिली.